तीन बोटे गेलेला भाऊ आणि नुसता खरचटलेला भाऊ

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका भगिनीचे चार पानी पत्र गेले आठ दिवस माझ्या टेबलावर आहे. त्यांचे यजमान आणि थोरले दीर हे दोघेही उद्यमबागेतील एका फौंड्रीत कामाला होते. गणपतीच्या दोन आठवडे आधी, दुपारच्या पाळीत, साच्यात लोखंडाचा रस ओतत असताना तो उसळून बाहेर आला. थोरल्यांचा डावा हात त्यात सापडला आणि त्याची तीन बोटे काढावी लागली. यजमान चार पावलांवर उभे होते. त्यांच्या मानेवर आणि मनगटाजवळ रुपयाच्या नाण्याएवढे दोन डाग पडले आणि ते पंधरा दिवसांत बरेही झाले. आज पाच महिन्यांनी थोरले त्याच कारखान्यात स्टोअरचे काम पाहतात, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात आणि उरलेल्या दोन बोटांनी तंबाखू कशी मळता येते हे हसत दाखवतात. यजमान मात्र दिवाळीनंतर कामावर गेलेलेच नाहीत. रात्री दोनला घामाघूम होऊन उठतात. स्वयंपाकघरात फोडणीचा चर्र आवाज झाला की ताटावरून उठून अंगणात जातात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके थांबेपर्यंत ते राजहंसगडाच्या पायथ्याशी भाताच्या बांधावर एकटेच बसून होते. लहान मुलावर विनाकारण ओरडतात आणि मग तासभर कोणाशीच बोलत नाहीत. घरातील माणसे म्हणतात, "ज्याची बोटं गेली तो कामावर जातोय, आणि ह्याला नुसतं खरचटलंय तर हा घरी बसलाय." पत्राच्या शेवटी भगिनीने विचारले आहे, "हे खरंच आजारी आहेत की कामाची टाळाटाळ करतात? जबरदस्तीनं भट्टीवर पाठवलं तर भीती मोडेल का?"

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकतो, कारण तुम्ही ते पाच महिने मनात धरून बसला आहात. तुमचे यजमान टाळाटाळ करत नाहीत. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे झोपेत तेच दृश्य पुन्हा दिसणे, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या आवाजांपासून पळणे, दचकणे, चिडणे आणि आपल्याच माणसांत परके होऊन बसणे, ही एकत्र आली आणि महिन्याहून अधिक टिकली, तर त्या आजाराला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. वैद्यकशास्त्राच्या अधिकृत यादीत या नावाने तो १९८० साली आला, पण आजार काही तेव्हाचा नाही. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणीनंतर डॉक्टरच करतील. मात्र तुमचे पत्र वाचून मला एवढी खात्री आहे की तपासणी आणखी लांबवू नये.

आता ज्या वाक्याने तुमच्या घरात सर्वांत जास्त नुकसान झाले आहे त्याकडे वळतो. "नुसतं खरचटलंय" हे वाक्य बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, कारण शरीराची जखम मोजायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. रुग्णालयेही ती मोजतात. १९७४ सालापासून अपघातग्रस्तांसाठी एक गुणांकन वापरले जाते, ज्यात शरीराचे सहा भाग पाडून सर्वाधिक जखमी अशा तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज करतात आणि ७५ हा त्यातील कमाल आकडा असतो. रुग्ण जगेल का, त्याला किती दिवस ठेवावे लागेल, हे सांगायला तो आकडा उपयोगी पडतो. कायदाही मोजतो. कामगार भरपाईच्या परिशिष्टात एका हाताची तीन बोटे गेली तर कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असे धरतात, चार गेली तर ५० टक्के. तुमच्या दिरांच्या कागदांवर ३० हा आकडा बहुधा तुम्ही पाहिला असेल. तुमच्या यजमानांच्या नावापुढे लिहायला त्या परिशिष्टात काहीच नाही, आणि घरातही नेमके तेच झाले आहे.

पण मनाची दुखापत या आकड्यांच्या मागोमाग जात नाही. अपघातानंतर रुग्णालयात दाखल झालेल्यांचे वर्षानुवर्षे जे अभ्यास झाले, त्यांत शरीराच्या जखमेच्या गुणांवरून पुढे कोणाला हा विकार होईल हे सांगता आलेले नाही. संबंध आढळला तरी तो क्षीण असतो. ऑस्ट्रेलियात जखमी रुग्णांचा मोठा अभ्यास करून २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार अपघातानंतर वर्षभराने जवळपास ३१ टक्के रुग्णांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. म्हणजे शंभरातील सुमारे सत्तर जण सावरलेले होते आणि तीस सावरलेले नव्हते, आणि ते तीस कोण हे जखमेच्या आकाराकडे पाहून ओळखता येत नव्हते.

मग फरक कशाने पडतो? २००३ साली ६८ अभ्यास एकत्र तपासून जो निष्कर्ष मांडला गेला, त्यात सर्वांत ठळक खूण ही होती की त्या क्षणी माणसाचे भान कसे होते. आपण आपल्या शरीराबाहेर उभे राहून पाहतो आहोत, सगळे संथ चालले आहे, आवाज लांबून येतो आहे, असे ज्यांना वाटले त्यांना पुढे त्रास होण्याची शक्यता अधिक होती. "आता मी मरणार" असे त्या वेळी वाटणे हीदेखील मोठी खूण होती. इथे खरोखर मरण किती जवळ होते यापेक्षा त्या माणसाला ते किती जवळ वाटले हे महत्त्वाचे असते. सुमारे चौदाशे अंश तापलेले लोखंड चार पावलांवरून उसळून अंगावर येताना पाहणाऱ्याला रुपयाएवढा डाग पडतो की हात जातो, हे नंतर ठरते. मेंदूने धोक्याची घंटा वाजवली ती त्याच्या आधी.

तुमच्या पत्रातील एक ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिता की थोरल्यांना त्या वेळचे फारसे आठवत नाही. त्यांना लगेच गाडीत घालून नेले, इंजेक्शन दिले, आणि पुढचे त्यांना थेट रुग्णालयाच्या खाटेवरचे आठवते. यजमानांना मात्र सगळे आठवते. हातमोजा कसा पेटला, वास कसा आला, थोरले पहिल्यांदा काय ओरडले, हे सगळे. इराकमध्ये जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या एका अभ्यासात, जो २०१० मध्येच प्रसिद्ध झाला, ज्यांना सुरुवातीच्या उपचारांतच मॉर्फिन मिळाले होते त्यांच्यात हा विकार कमी आढळला होता. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण तुमच्या दिरांची वेदना तातडीने शमवली गेली आणि यजमान पूर्ण शुद्धीत, हाताला चिंधी बांधून, पुढचे चार तास रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून होते, हा फरक मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही.

आणखी एक ओझे त्यांच्यावर आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिले आहे. झोपेत ते पुटपुटतात, "पाळी माझी होती." त्या दिवशी ते पाणी प्यायला गेले आणि थोरले त्यांच्या जागी उभे राहिले. अशा योगायोगाचा अपराध माणूस स्वतःवर घेतो, आणि ज्याला लागले तो समोर हसत फिरत असला की तो अपराध हलका होण्याऐवजी वाढतो. त्यांच्याशी बोलताना "तुझी काही चूक नाही" एवढेच म्हणू नका, कारण ते त्यांनी शंभर वेळा ऐकले आहे. रस उसळतो कशाने, हे त्यांना स्वतःला माहीत आहे. तेच त्यांच्या तोंडून येऊ द्या. साच्याच्या वाळूत ओल राहिली की तप्त धातूखाली त्या पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि बाहेर पडायला वाट नसली की धातूलाच वर फेकते. श्रावणातल्या पावसात वाळू पुरेशी वाळलेली नव्हती. ती ओली वाळू पाळी कोणाची आहे हे पाहून उसळली नव्हती. कारखान्यातल्या कामगाराला कारखान्याच्या भाषेत सांगितलेले पटते, असा माझा अनुभव आहे.

आता घराबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नका. थोरले रुग्णालयात असताना पाहुण्यांची रीघ लागली होती, शहाळी आणि सफरचंदे ठेवायला जागा नव्हती, गल्लीतील गणेश मंडळाने वर्गणी काढली, हे तुम्हीच लिहिले आहे. ते सगळे योग्यच झाले. पण त्या पंधरवड्यात तुमच्या यजमानांना "तू कसा आहेस?" असे कोणी विचारल्याचा उल्लेख तुमच्या चार पानांत एकदाही नाही. ते डबा पोचवत होते, औषधे आणत होते, रात्री खाटेखाली झोपत होते. २००० साली ७७ अभ्यासांची छाननी करून जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात आघातानंतर आपल्या माणसांचा आधार न मिळणे हा विकार होण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक निघाला, आणि आघाताआधीच्या बहुतेक गोष्टींपेक्षा, म्हणजे वय, शिक्षण, पूर्वेतिहास यांपेक्षा, त्याचे वजन जास्त होते. ज्याची जखम दिसते त्याला हा आधार न मागता मिळतो. ज्याची दिसत नाही त्याला तो मागावा लागतो, आणि आपल्याकडच्या कर्त्या पुरुषांना मागता येत नाही.

माझ्याकडे पूर्वी खानापूर बाजूचे एक गृहस्थ येत. रस्त्यावरच्या अपघातात त्यांच्या बरगडीला बारीक तडा गेला होता आणि तो केव्हाच भरून आला होता, तरी दर भेटीला ते एक्स-रेचे तपकिरी पाकीट घेऊन येत, खुर्चीत बसताच ते मांडीवर ठेवत आणि बोलताना त्याची कड अंगठ्याने चोळत राहत. मी तो एक्स-रे कधी मागितला नाही आणि त्यांनीही कधी दाखवला नाही. तीन महिन्यांनी एकदा ते पाकीट न घेता आले, तेव्हा मी विचारले, तर म्हणाले, "घरात आता पुरावा मागत नाहीत." तुमचे यजमान अधूनमधून मानेवरचा तो डाग खाजवून पुन्हा लाल करतात असे तुम्ही लिहिले आहे. ते वाचताना मला ते पाकीट आठवले.

शरीराच्या दुखापतीला अर्थ नाही, असे मात्र मी म्हणत नाही. डोक्याला मार लागला असेल, वेदना महिनोन्‌महिने राहिली असेल, चेहरा किंवा हात विद्रूप झाला असेल, पोटापाण्याचे काम सुटले असेल, तर या सगळ्यांनी मनाचे सावरणे कठीण होते. विशेषतः वेदना आणि भीती एकमेकींना जागत्या ठेवतात. दुखले की प्रसंग आठवतो आणि आठवला की अंग आखडून आणखी दुखते. म्हणून थोरल्यांकडेही लक्ष असू द्या. काहींना त्रास सहा महिन्यांनंतर उघड होतो, बहुधा धावपळ संपून भरपाईचे कागद निकाली निघाल्यावर. त्यांचे हसणे खरे असेल, आणि मला ते खरेच वाटते. पण ते हसतात म्हणून धाकट्याने हसलेच पाहिजे असा नियम त्यातून काढू नका, आणि ते हसतात म्हणून त्यांना कधी विचारूच नये असेही नाही.

तुमचा दुसरा प्रश्न भट्टीवर पाठवण्याचा. जबरदस्तीने पाठवू नका. भीतीच्या गोष्टीजवळ पुन्हा जाणे हा उपचाराचा भाग आहे हे खरे, परंतु ते पायरीपायरीने, त्यांच्या संमतीने आणि प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने व्हावे लागते. एकदम भट्टीसमोर उभे केले आणि ते घाबरून पळाले, तर मेंदू एवढेच शिकेल की पळालो म्हणून वाचलो. आघातावर केंद्रित मानसोपचारात साधारणपणे आठवड्याला एक अशा आठ ते पंधरा बैठका असतात. त्यांत तो प्रसंग सुरक्षित जागी, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला जातो, जेणेकरून तो आत्ता घडत नसून घडून गेलेला आहे हे मनाला पटू लागते. आणि टाळलेल्या गोष्टींची यादी करून सर्वांत सोपीपासून सुरुवात होते. तुमच्या घरी ती यादी बहुधा फोडणीपासून सुरू होईल. उपचारकांनी सांगितल्यावर, आधी यजमान अंगणात असताना दार उघडे ठेवून फोडणी द्यायची, मग सोप्यात, मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, आणि प्रत्येक ठिकाणी धडधड आपोआप उतरेपर्यंत त्यांनी तिथेच थांबायचे. तोवर तेल तापवण्याआधी "फोडणी देते हं" असे सांगत जा. एवढ्यानेही ताटावरून उठणे कमी होईल.

पाहुण्यांसमोर "काय झालं ते सांग की" असा आग्रह करू नका. त्यांनी आपणहून सांगायला घेतले तर मधे न बोलता ऐका आणि थांबले तर थांबू द्या.

औषधांविषयी थोडक्यात. सर्ट्रालिनसारखी औषधे या विकारात उपयोगी पडतात. त्यांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत फरक नाही असे म्हणून ती बंद करू नयेत. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो. रात्री थोडी घेतली की झोप लागते असे यजमान म्हणतात, त्याची मला गोळ्यांइतकीच काळजी वाटते. डॉक्टरांना हे लपवू नका.

कुठे जायचे, हे विचारायला तुम्ही संकोचला आहात असे दिसते. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडला मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे, आणि बसने दीड-दोन तासांत तिथे पोचता येते. यजमानांचे ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, कार्ड चालू असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना भेटून मनोविकार विभागासाठी चिठ्ठी मागा, आणि दुर्घटना कामावर घडली याची नोंद त्यांच्याही नावाने झाली आहे की फक्त थोरल्यांच्या, हे पाहून घ्या. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य आणि चोवीस तास चालू आहे, आणि त्यावर मराठीतून बोलण्याची सोय मागता येते. आपल्या सीमाभागात कामापुरते कन्नड बहुतेकांना येते, बाजारात आणि कचेरीत आपण ते रोज बोलतो, पण मोडून पडलेल्या माणसाने आपला सर्वांत वाईट दिवस ज्या भाषेत तो जगला त्याच भाषेत सांगावा. म्हणून केसपेपर काढतानाच मराठी बोलणारे डॉक्टर किंवा समुपदेशक आहेत का, असे विचारा. बेळगाव-धारवाडात ते मिळणे कठीण नाही आणि विचारण्यात कोणाचा अवमानही नाही.

सासूबाईंनी त्यांची दृष्ट काढली, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेले, हे वाचून मला मुळीच वाईट वाटले नाही. घरात त्यांचा त्रास त्रास म्हणून मानणाऱ्या पहिल्या त्याच आहेत. सासूबाईंना सांगा की देवीला घातलेले गाऱ्हाणे राहू द्यावे आणि डॉक्टरांकडेही जावे. फक्त भीती उतरवण्याच्या नावाखाली कोणी मारहाण, उपास किंवा धुरी सांगितली तर स्पष्ट नकार द्या. आगीच्या प्रसंगातून गेलेल्या माणसाला धूर देणे क्रूर ठरेल.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नका. "त्याच्या जागी मी गेलो असतो तर बरं झालं असतं" असे ते एकदा म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. हे पुन्हा म्हणाले, सामान वाटायला लागले किंवा मुलाची सोय कोणाकडे तरी लावू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात घेऊन जा, एकटे सोडू नका. त्यांना सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. भातासाठी आणलेली औषधे आणि तणनाशके आजच कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या.

पहिल्या भेटीला जाताना तुम्ही दोघेच जाऊ नका, थोरल्यांना बरोबर घ्या. आजवर दोघा भावांनी त्या दिवसाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे. धाकट्याची फाईल थोरल्यांनी आपल्या डाव्या हातात धरावी आणि केसपेपरच्या खिडकीशी त्याच्या शेजारी उभे राहावे. रांगेत अर्धा तास तरी जाईल. तिथे ते काय बोलतील, बोलतील की नाही, हे त्यांच्यावर सोडा. डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी मात्र तुम्ही आज रात्रीच कागदावर लिहून काढा: झोप किती वाजता मोडते, कोणत्या आवाजाने उठतात, दारू किती आणि कधीपासून, आणि झोपेतले ते तीन शब्द.